ऑफिसच्या मेलला कुलूप: डेस्कटॉपवर एन्क्रिप्शन बसवण्याची सगळी उस्तवार

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या काही कारखान्यांचे आणि पिंपळगावकडच्या दोन द्राक्ष निर्यातदारांचे संगणक मी सांभाळतो. एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभालीचं काम. प्रिंटर अडकला, टॅली उघडेना, नेट गेलं की फोन माझ्याकडे. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या फोनची भर पडली आहे: "भाऊ, कस्टमर म्हणतोय ड्रॉइंग एन्क्रिप्टेड मेलनेच पाठवा. ते काय असतं?"

एन्क्रिप्शन म्हणजे मजकूर असा बदलून टाकणं की चावीशिवाय तो वाचताच येऊ नये. विचारणाऱ्याला वाटतं, एखादं सॉफ्टवेअर टाकलं की झालं. सॉफ्टवेअर अर्ध्या तासात बसतं, तेही फुकटात. पण त्यातून जी चावी तयार होते ती कुठे ठेवायची, कोणाकडे द्यायची आणि माणूस नोकरी सोडून गेला की तिचं काय करायचं, हे काम कधीच संपत नाही. मी स्वतः यात एकदा सपशेल आपटलो आहे. ते पुढे येईलच.

मेलवर कुलूप दिसतं, मग आणखी काय हवं?

हा पहिला आक्षेप प्रत्येक शेठ घेतात. ब्राउझरमध्ये जे कुलपाचं चिन्ह दिसतं ते टीएलएसचं, म्हणजे वाटेतल्या प्रवासापुरत्या एन्क्रिप्शनचं. तुमच्या संगणकापासून मेल सर्व्हरपर्यंत आणि बहुतेक वेळा एका सर्व्हरपासून दुसऱ्या सर्व्हरपर्यंतचा प्रवास त्याने झाकला जातो. पण सर्व्हरवर पोचलेला मेल तिथे वाचता येईल अशाच रूपात पडून राहतो. आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांचे मेल वेबसाइटबरोबर घेतलेल्या स्वस्त होस्टिंगवर असतात आणि पासवर्ड असतो कंपनीचं नाव, ॲट आणि १२३. तो ज्याला सापडला त्याला पाच वर्षांची ड्रॉइंग, कोटेशन, पगारपत्रकं एका जागी मिळतात. मेल एन्क्रिप्ट केलेले असतील तर त्याच चोराच्या हाती नुसती अक्षरांची खिचडी लागते. शेवटपर्यंतचं, म्हणजे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन ते हे.

कायद्याचं अंगही आहे. कामगारांचे आधार, पॅन, पगार हा वैयक्तिक डेटा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि डेटा जपण्याच्या उपायांमध्ये त्यांनी एन्क्रिप्शनचं नाव घेतलं आहे. सुरक्षेत कसूर केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. दहा मशिनच्या वर्कशॉपला कोणी तेवढा दंड लावणार नाही, पण पगारपत्रक उघड्या मेलवर फिरवायची सवय मोडायला हा आकडा शेठना सांगायला बरा पडतो.

सगळे मेल मात्र कुलपात घालू नका. जेवणाची ऑर्डर आणि ट्रान्सपोर्टवाल्याचा गाडी नंबर एन्क्रिप्ट करून काही साधत नाही, लोक वैतागतात आणि आठवड्याभरात सगळंच सोडून देतात. आधी एका कागदावर यादी करा: कोणत्या तीन-चार लोकांशी, कोणत्या प्रकारची कागदपत्रं. माझ्याकडच्या बहुतेक ठिकाणी यादी चार ओळींची निघाली: परदेशी ग्राहकाचं डिझाइन खातं, सीए, बँकेचं काम बघणारी ताई आणि बाहेरून काम करून घेतो तो व्हेंडर.

दोन पद्धती, निवड एकच

मेल एन्क्रिप्ट करण्याच्या दोन जुन्या, रुळलेल्या पद्धती आहेत. पहिली ओपनपीजीपी. फिल झिमरमन यांनी १९९१ साली पीजीपी आणलं, त्यावरून पुढे हे खुलं मानक तयार झालं. यात चावी आपली आपण बनवायची, कोणाकडून विकत घ्यायची नाही. दुसरी एस/माइम. यात प्रमाणपत्र देणारी संस्था तुमची खात्री करून ठरावीक मुदतीचं सर्टिफिकेट देते आणि आउटलुक, ॲपलचा मेल, थंडरबर्ड ते थेट ओळखतात.

दोन्हींचा एकमेकांशी मेळ नाही. म्हणून पहिलं पाऊल सॉफ्टवेअर उतरवणं नव्हे, समोरच्याला विचारणं: तुमच्याकडे काय आहे? मोठी युरोपीय कंपनी असेल तर पुष्कळदा एस/माइम. मग तुम्हालाही तेच घ्यावं लागेल. समोरचा आपल्यासारखाच छोटा असेल तर ओपनपीजीपी.

इथे हमखास प्रश्न येतो: "आमच्याकडे डीएससी आहे की!" डीएससी म्हणजे डिजिटल सहीचं सर्टिफिकेट. असते. बहुतेकदा तिचा यूएसबी टोकन सीए साहेबांच्या ड्रॉवरमध्ये असतो, पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली. जीएसटी आणि कंपनीची रिटर्न भरायला घेतलेली ती डीएससी सहीसाठी असते. एन्क्रिप्शनचं सर्टिफिकेट वेगळं. ई-टेंडर भरणाऱ्यांनी ते घेतलेलं असतं, बाकीच्यांकडे नसतं. शिवाय आपल्या डीएससीवर परदेशातल्या ग्राहकाचा संगणक आपसूक विश्वास ठेवेलच असं नाही. तेव्हा परदेशी मेलसाठी डीएससीच्या भरवशावर राहू नका, आणि तो टोकन मात्र सीएकडून आजच परत आणा.

मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियम घेतलेलं असेल तर त्यात मेल एन्क्रिप्शन मिळतं. समोरच्याला लिंक जाते, एकदाच चालणारा कोड टाकून तो वाचतो. सोपं आहे. चावी मात्र मायक्रोसॉफ्टकडे राहते. ते चालत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

बाकीच्यांना मी थंडरबर्ड हा मेलचा फुकट प्रोग्राम सांगतो. २०२०मध्ये आलेल्या ७८व्या आवृत्तीपासून त्यात ओपनपीजीपी आतच आहे, वेगळं काही जोडावं लागत नाही. जुना आउटलुक सोडवत नसेल तर जीपीजी४विन बसवा. त्यातला जीपीजीओएल हा भाग आउटलुकमध्ये बटण आणतो आणि क्लिओपात्रा नावाचा प्रोग्राम चाव्या सांभाळतो. हे चालतं ते फक्त क्लासिक आउटलुकमध्ये. विंडोजबरोबर येणाऱ्या नव्या आउटलुकमध्ये तसली ॲड-इन चालतच नाहीत. अर्धा दिवस बटण शोधत बसलेले लोक मी पाहिले आहेत.

थंडरबर्डमध्ये, पायरीपायरीने

बसवण्याआधी संगणक तपासा. पायरेटेड विंडोज, त्यावर क्रॅक केलेलं कॅड, त्यातून शिरलेला व्हायरस, असल्या मशिनवर जगातलं कुठलंही एन्क्रिप्शन वाया आहे. मेल उलगडून स्क्रीनवर आला की व्हायरसही तो वाचणारच.

थंडरबर्ड त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. खातं जोडताना आयमॅप निवडा, त्यात मेल सर्व्हरवरही राहतात. पॉप ठेवलात तर मेल एकाच मशिनवर उतरतात आणि हार्ड डिस्क गेली की सगळं गेलं. जीमेल असेल तर तो गूगलचं लॉगिन पान उघडून परवानगी मागतो, ती द्या.

आता लगेच चावी बनवायला धावू नका. आधी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन प्रायमरी पासवर्ड लावा. हा पासवर्ड नसेल तर संगणकावरची थंडरबर्डची फोल्डर ज्याने कॉपी केली त्याला तुमची चावीही मिळाली. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत एकापुढे एक लिहिले की चांगला पासवर्ड होतो. कारखान्याचं नाव आणि मुलीची जन्मतारीख नको.

मग अकाउंट सेटिंग्ज, तुमचा मेल पत्ता, त्याखाली एंड-टू-एंड एन्क्रिप्शन. तिथे ॲड की दाबा, नवी ओपनपीजीपी की बनवायचा पर्याय घ्या. तो तीन वर्षांची मुदत आणि ३०७२ बिटची आरएसए प्रकारची चावी सुचवतो. दोन्ही तशीच ठेवा. नव्या पद्धतीची ईसीसी चावी लहान आणि वेगवान असते खरी, पण समोरच्याकडे जुनं सॉफ्टवेअर असेल तर आरएसए अडत नाही. जनरेट दाबलं की चावी तयार. त्याच पानावर ती या खात्यासाठी निवडलेली आहे ना, तेवढं बघा.

तयार काय झालं? एक जोडी. पब्लिक की म्हणजे उघडं कुलूप, ते जगाला वाटायचं. ज्याला तुम्हाला मेल पाठवायचा आहे तो ते कुलूप लावून पाठवतो. सिक्रेट की म्हणजे त्या कुलपाची किल्ली, ती कोणालाही द्यायची नाही. हे दोन नीट समजावूनही एका अकाउंटंट दादांनी ग्राहकाला सिक्रेट कीच जोडून पाठवली होती. मग ती जोडी रद्द करून पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे कुलूप पाठवताना फाइल शोधत बसू नका. नवा मेल लिहिताना अटॅच खाली 'माय ओपनपीजीपी पब्लिक की' असा पर्याय असतो, तोच वापरा.

बॅकअप, चावी बनवल्याच्या पाचव्या मिनिटाला

सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये मी हे सगळं झकास बसवून दिलं. दोन महिने मेल छान चालले. मग पावसाळ्यात लाइटच्या झटक्याने विंडोज बसलं आणि मी नेहमीच्या सवयीने डेटा ड्राइव्हचा बॅकअप घेऊन सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला. थंडरबर्डची प्रोफाइल सी ड्राइव्हमध्ये होती. मेल काय, आयमॅपमुळे सगळे परत आले. एकही उघडेना. शेठ काही बोलले नाहीत, नुसते स्क्रीनकडे बघत राहिले. ग्राहकाला लिहून दोन महिन्यांची ड्रॉइंग पुन्हा मागवावी लागली. "पासवर्ड विसरलात?" असली लिंक इथे नसते, आणि कोणाला फोन करून चावी परतही मिळत नाही.

म्हणून: टूल्समधला ओपनपीजीपी की मॅनेजर उघडा, आपली चावी निवडा, फाइल मेन्यूतून सिक्रेट कीचा बॅकअप फाइलमध्ये घ्या. तो त्या फाइलसाठी वेगळा पासवर्ड मागेल. फाइल दोन पेन ड्राइव्हवर ठेवा. एक ऑफिसच्या तिजोरीत, एक शेठच्या घरी. पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात, आणि ते पाकीट त्याच पेन ड्राइव्हला रबरबँडने बांधून नव्हे. की मॅनेजरमधूनच रिव्होकेशन सर्टिफिकेट बनवून त्याच जागी ठेवा. चावी चोरीला गेली किंवा हरवली तर ती रद्द झाल्याचं जगाला सांगायचं ते पत्र.

बॅकअप खरा आहे का, हे दुसऱ्या मशिनवर थंडरबर्ड टाकून, फाइल इम्पोर्ट करून, एक जुना मेल उघडून बघा. लॅपटॉप असेल त्यावर दहा मिनिटांचं काम.

समोरच्याचं कुलूप तपासणं

ग्राहकाची किंवा सीएची पब्लिक की मेलने आली की थंडरबर्ड ती इम्पोर्ट करायला विचारतो आणि मग ही चावी मान्य का, असं विचारतो. इथे घाईने हो म्हटलं की सगळा खटाटोप पाण्यात. कारण मधल्या कोणी स्वतःचं कुलूप त्यांच्या नावाने पाठवलं असेल तर तुमची ड्रॉइंग त्यालाच उघडता येतील.

पडताळायचं ते फिंगरप्रिंट, म्हणजे चावीची ओळख पटवणारा तिचा स्वतःचा क्रमांक. नेहमीच्या चावीचं ते ४० अक्षरांचं असतं, शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ अक्षरं. फोन करायचा आणि वाचून दाखवायचं. फोन मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर.

इंग्रजीतली बी, डी आणि ई फोनवर सारखीच ऐकू येतात. सीएच्या ऑफिसातल्या ताई आणि आमच्या अकाउंटंट मॅडम यांनी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तीनदा चुकलं. मग मॅडमनीच तोडगा काढला: ए अंबडचा, बी भगूरचा, सी चांदवडचा, डी देवळालीचा, ई एकलहऱ्याचा. एफला गाव सुचेना म्हणून एफ फॅक्टरीचा. चार-चार अक्षरांचे दहा गट दोन मिनिटांत झाले. परदेशी ग्राहकाला हे चालणार नाही, त्याला व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवा, किंवा पुढच्या व्हिजिटिंग कार्डावर फिंगरप्रिंटच छापून घ्या.

जुळलं की "मी स्वतः पडताळलं" हा पर्याय निवडा. जुळलं नाही तर काही पाठवू नका.

रोजचा वापर

नवा मेल, वर एन्क्रिप्टचं बटण, पाठवा. ज्याची चावी नाही त्याला पाठवायला गेलात तर थंडरबर्ड अडवतो. एक नाव सीसीत जास्तीचं पडलं तरी अडेल, आणि ते बरंच आहे.

थंडरबर्ड ओपनपीजीपीत विषयाची ओळही झाकतो. एस/माइममध्ये किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडी राहू शकते, म्हणून विषयात भागाचा नंबर, किंमत, ग्राहकाचं नाव लिहूच नका. कोणी कोणाला कधी पाठवलं हे तर कुठल्याच पद्धतीत झाकलं जात नाही.

फाइल मोठी असेल तर अडचण येते. जीमेलची मर्यादा २५ एमबी आणि मेलमध्ये घालताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे १८ एमबीच्या वर गेलात की धोका. अशी फाइल जीपीजी४विनमधल्या क्लिओपात्राने एन्क्रिप्ट करा: फाइलवर राइट क्लिक, साइन अँड एन्क्रिप्ट, ग्राहकाची चावी निवडा. जी नवी फाइल तयार होते ती गूगल ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवली तरी चालते, उघडणार फक्त तोच. एक ध्यानात ठेवा, क्लिओपात्राचा जुडगा आणि थंडरबर्डचा जुडगा वेगळा असतो. एकीकडे घेतलेली चावी दुसरीकडे दिसत नाही, तिथेही इम्पोर्ट करावी लागते.

उघडलेली ड्रॉइंग डेस्कटॉपवर सेव्ह केली की ती तिथे साध्या रूपात पडून असते. विंडोज प्रो असेल तर सगळी डिस्क एन्क्रिप्ट करणारं बिटलॉकर चालू करा आणि त्याची रिकव्हरी कीसुद्धा त्याच तिजोरीत ठेवा. काही गैरसोयी सहन कराव्या लागतात: एन्क्रिप्टेड मेलच्या आतला मजकूर सर्चमध्ये सापडत नाही, आणि फोनवरच्या जीमेल ॲपमध्ये तो उघडत नाही. शेठची पहिली तक्रार हीच असते. अँड्रॉइडवर थंडरबर्ड आणि चाव्या सांभाळणारं ओपनकीचेन ॲप मिळून काम होतं, पण फोन हरवतो, म्हणून मी फोनवर चावी टाकायला शक्यतो नकोच म्हणतो.

समोरचा अजिबात तयार नसेल तर सेव्हन-झिप या फाइल बांधायच्या प्रोग्राममध्ये एईएस-२५६ हे एन्क्रिप्शन निवडून, फाइलची नावंही लपवून, पासवर्ड लावा आणि तो फोनवर सांगा. पुढच्याच मेलमध्ये पासवर्ड पाठवणं म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली तिथेच खिळ्याला टांगणं.

द्राक्षवाल्यांसाठी: सही जास्त महत्त्वाची

जानेवारी ते एप्रिल कंटेनर युरोपकडे निघत असतात आणि याच काळात "आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट इथे करा" असा मेल निर्यातदाराच्या नावाने खरेदीदाराला जातो. पैसे भलतीकडे. अशा वेळी एन्क्रिप्शन एकटं काही कामाचं नाही. पब्लिक की जगजाहीर असते, त्यामुळे तिचं कुलूप लावून चोरही झोकात एन्क्रिप्टेड मेल पाठवू शकतो. मेल एन्क्रिप्टेड आला म्हणून तो खरा ठरत नाही.

खरेपणा सिद्ध होतो तो डिजिटल सहीने. सही सिक्रेट कीने होते, म्हणजे फक्त तुम्हालाच करता येते. थंडरबर्डमध्ये त्याच एंड-टू-एंड एन्क्रिप्शनच्या पानावर दर मेलवर सही जोडायचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. मग सीझनच्या आधीच खरेदीदाराला लेखी कळवा: खात्यात बदल असेल तर मेलवर आमची सही असेल आणि त्यावरही आम्ही फोन करू. ज्या मेलवर सही नाही त्यावर पैसे पाठवू नका. त्यांच्याकडून येणाऱ्या मेललाही हाच नियम. तरीही फसवणूक झालीच तर बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरला त्याच तासात फोन करा, उद्यावर ढकलू नका.

माणूस सोडून गेला तर

चावी अकाउंटंटच्या नावाने, तिचा पासवर्ड फक्त अकाउंटंटच्या डोक्यात, आणि ते दिवाळीचा बोनस घेऊन दुसरीकडे रुजू. कंपनीचे दोन वर्षांचे मेल त्यांच्याबरोबर गेले. म्हणून चावी व्यक्तीच्या नव्हे, कामाच्या पत्त्यावर बनवा: अकाउंट्स, डिझाइन, एक्स्पोर्ट. बॅकअप मालकाकडे, हे नेमणुकीच्या पत्रातच लिहा. उद्या आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली सरकारने मेल उलगडून मागितला तरी "चावी गेलेल्या माणसाकडे आहे" हे उत्तर चालणार नाही.

माणूस गेला की नवी चावी बनवा, जुनी रद्द करून सगळ्यांना कळवा. पण जुनी सिक्रेट की पुसू नका. जुने मेल त्याच किल्लीने उघडतात, आणि ते ठेवायचे तितकी वर्षं ती किल्लीही ठेवावी लागते.

तीन वर्षांनी मुदत संपायच्या महिनाभर आधी कॅलेंडरमध्ये खूण करून ठेवा. चावी बदलावी लागत नाही, की मॅनेजरमध्ये तिची तारीख वाढवता येते. तारीख वाढवल्यावर पब्लिक की सगळ्यांना पुन्हा पाठवायची असते. नाहीतर त्यांच्याकडे जुनीच तारीख राहते, त्यांचं सॉफ्टवेअर मेल पाठवायला नकार देतं, आणि फोन येतो तो मला.